ट्यून केलेली गाडी आणि इथेनॉल : प्रश्न वाचकांचे, उत्तरे तज्ज्ञांची

साध्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येते, म्हणून त्याला ई२० म्हणतात. मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलने महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडू, उत्तर प्रदेश आणि दिल्लीतल्या मिळून १८३ पंपांवर ‘इथेनॉल १००’ विकायला काढले. ते फ्लेक्स-फ्युएल (पेट्रोल आणि इथेनॉलच्या कमी-जास्त मिश्रणावर चालणाऱ्या) गाड्यांसाठी आहे, तरी टर्बो गाडी ट्यून केलेल्या बऱ्याच वाचकांची नजर त्यावर आहे. परदेशातल्या वाचकांना तर ई८५ कोपऱ्यावरच्या पंपावर मिळते. आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझी पोलो जीटी टीएसआय (१.२) मी २०१९ मध्ये स्टेज वन (फक्त सॉफ्टवेअर बदलून) ट्यून करून घेतली. ई२० आल्यापासून वरच्या गिअरमध्ये ओढ कमी वाटते, ॲव्हरेजही घसरले. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, मग ताकद वाढायला नको का? थोडे इथेनॉल १०० मिसळून पाहू का? (पुणे)

उत्तर : ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त, असे होत नाही. नॉक (इंधनाचा आपोआप भडका) न होता टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे नेता येते आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवता येतो, एवढी मुभा ऑक्टेन देतो. ती मुभा वापरायला मॅपमध्ये (इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ज्या तक्त्यांवर चालतो त्यांत) तशी तरतूद लागते. तुमचा मॅप झाला तेव्हा देशातल्या पेट्रोलमध्ये सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास इथेनॉल होते. नॉकमुळे मागे घेतलेले टायमिंग ईसीयू चांगल्या इंधनावर परत देईल, पण मॅपमध्ये लिहिले आहे त्यापुढे एक अंशही जाणार नाही.

ॲव्हरेज घसरणे अपेक्षितच आहे. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी कॅलिब्रेट केलेल्या चारचाकीत ई२० वर ६ ते ७ टक्के घट धरली होती.

ओढ कमी वाटण्याचे कारण मात्र शोधावे लागेल. पूर्ण ज्वलनाला शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, ई१० ला १४.१, ई२० ला १३.५. म्हणजे त्याच हवेला २०१९ पेक्षा सहा-सात टक्के जास्त इंधन द्यावे लागते. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयू ती भर स्वतः घालतो. फुल थ्रॉटलला काही ईसीयू शिकलेली दुरुस्ती पुढे वापरतात, काही वापरत नाहीत. वापरत नसेल तर ०.८२ लॅम्बडाला (लॅम्बडा १ म्हणजे पूर्ण ज्वलनाला नेमकी हवा, त्याखाली इंधन जास्त) बांधलेला मॅप ०.८७ च्या आसपास चालतो, आणि टर्बो इंजिनासाठी ते लीन, म्हणजे इंधन कमी, आहे.

आधी लॉग घ्या. इंजिन पूर्ण तापल्यावर ओबीडी या निदानाच्या सॉकेटवरून लाँग टर्म आणि शॉर्ट टर्म ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली टक्क्यांतली दुरुस्ती) आयडलला व २,५०० आरपीएमच्या स्थिर वेगाला नोंदवा. मग मोकळ्या ट्रॅकवर किंवा डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) तिसऱ्या गिअरमध्ये २,००० पासून वरपर्यंत एकच पूर्ण ओढ घ्या आणि लॅम्बडा, रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरला मिळणारा इंधनाचा दाब (मागितलेला आणि प्रत्यक्ष), टायमिंग आणि प्रत्येक सिलिंडरचे टायमिंग रिटार्ड (मागे घेतलेले अंश) उतरवा. दोन्ही ट्रिमची बेरीज +८ टक्क्यांपर्यंत असेल तर ते ई२० चेच काम. बेरीज १२ च्या पुढे गेली तर इंधनाला दोष देण्याआधी इनटेकची गळती, जुना फिल्टर आणि थकलेला पंप तपासा. ट्रिम ठीक, लॅम्बडा ठीक आणि तरी ओढ नसेल तर प्लग आणि कॉइल पाहा. सगळे ठीक निघाले तर ट्यूनरकडून ई२० वर मॅप नव्याने बसवून घ्या.

मिसळण्याबद्दल. इथेनॉल १०० मध्ये प्रत्यक्षात सुमारे ९३ टक्के इथेनॉल, ५ टक्के पेट्रोल आणि थोडे को-सॉल्व्हंट असते. ४५ लिटरच्या टाकीत ई३० करायला साधारण ६ लिटर इथेनॉल १०० आणि ३९ लिटर ई२० लागेल. ई४० साठी १२.५ आणि ३२.५. हिशेब इतका सोपा असला तरी पोलोत हे करू नका, असेच आमचे मत आहे. डायरेक्ट इंजेक्शनचा हाय प्रेशर पंप कॅमवर चालतो आणि त्याची क्षमता ठरलेली असते. शिवाय तुमचा डीक्यू२०० हा ड्राय क्लचचा गिअरबॉक्स २५० न्यूटनमीटरसाठी बनला आहे. मूळ गाडी १७५ ची, स्टेज वनलाच तुम्ही मर्यादेच्या जवळ पोचला आहात. इथेनॉलने जो टॉर्क मिळेल तो पेलायला पुढे काहीच नाही. आणखी एक गोष्ट सर्वांसाठी : पेट्रोल म्हणून नोंदलेली गाडी ई८५ वर रस्त्यावर चालवणे हे उत्पादकाच्या मंजूर तपशिलात बसत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि विम्याच्या अटी वाचल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. पुढची उत्तरे ट्रॅकवरच्या गाड्या आणि जिथे असे बदल चालतात तिथले वाचक डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

प्रश्न : पंपावर भरलेल्या इंधनात नेमके किती टक्के इथेनॉल आहे हे घरी तपासता येते का? (नाशिक)

उत्तर : येते, आणि ट्यून केलेल्या गाडीच्या मालकाने ते शिकून घ्यावेच. १०० मिलीलीटरचा काचेचा मोजपात्र-सिलिंडर बूच लागेल असा घ्या. उघड्यावर, आगीपासून आणि चालू इंजिनापासून लांब बसा. सिलिंडरमध्ये बरोबर १० मिलीलीटर पाणी घ्या, त्यात खाण्याच्या रंगाचा एक थेंब टाका म्हणजे रेघ स्पष्ट दिसते. १०० च्या खुणेपर्यंत इंधन भरा (म्हणजे ९० मिलीलीटर), बूच लावून अर्धा मिनिट हलवा, मध्ये एकदा बूच सैल करून दाब जाऊ द्या. दहा मिनिटे सपाट जागी ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते आणि खालचा रंगीत थर वाढतो. तो २८ वर थांबला तर इथेनॉल १८ मिलीलीटर, म्हणजे ९० पैकी २० टक्के.

पाणी आणि इथेनॉल मिसळले की एकूण आकारमान किंचित आकसते, थोडे इथेनॉल वरही राहते. त्यामुळे आकडा एक-दोन टक्के कमी दिसतो. ई८५ सारख्या मिश्रणाला १० मिलीलीटर पाणी पुरत नाही, थर नीट सुटत नाहीत. तिथे निम्मे पाणी, निम्मे इंधन घ्या : ५० मिलीलीटर पाण्यावर खालचा थर ९० ला थांबला तर ५० पैकी ४०, म्हणजे ८० टक्के. इथे आकसणेही जास्त असते, म्हणून खरा आकडा त्याहून काही टक्के वर धरा. तपासलेले इंधन टाकीत परत ओतू नका, गटारात तर नाहीच.

प्रश्न : आमच्या भागात साखर कारखान्यांच्या डिस्टिलरी आहेत. ओळखीने स्पिरिट मिळू शकते. पंपावरच्या इथेनॉलऐवजी तेच पेट्रोलमध्ये मिसळले तर? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. परवान्याशिवाय स्पिरिट बाळगणे आणि वाहून नेणे हा महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, गाडीत घालायला नेले म्हणून सूट नाही.

तांत्रिक कारणही तितकेच पक्के आहे. साध्या ऊर्ध्वपातनाने इथेनॉल वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे शुद्ध होत नाही, कारण त्या प्रमाणाला पाणी आणि इथेनॉल एकत्रच उकळतात. उरलेले पाणी काढायला डिस्टिलरीत मॉलेक्युलर सीव्हचा वेगळा टप्पा लागतो. तेल कंपन्या घेतात ते इथेनॉल या टप्प्यातून गेलेले, आयएस १५४६४ या मानकातले असते. त्यात पाणी, आम्लता आणि क्लोराइड यांना मर्यादा घातलेली असते. रेक्टिफाइड स्पिरिट तसे नसते. ते ई२० पेट्रोलमध्ये ओतले की मिश्रणाची पाणी धरण्याची ताकद संपू शकते, आणि इथेनॉल पाण्यासह टाकीच्या तळाशी बसते. पंपाचे तोंड तळाशीच. पहिला घोट इथेनॉल-पाण्याचा जातो, गाडी बंद पडते. तळ उपसला की वरचे पेट्रोल येते, पण त्यातला इथेनॉल निघून गेल्याने ऑक्टेन खाली आलेला असतो, आणि नेमके तेच तुमच्या पुढे नेलेल्या टायमिंगला मिळते. पिस्टनच्या कडा फुटतात त्या अशा वेळी. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये काय मिसळले आहे याचा भरवसा नसतो. मिथेनॉल असेल तर ॲल्युमिनियम आणखी लवकर खाल्ले जाते आणि त्याची वाफ माणसालाही विषारी आहे.

प्रश्न : मी मिशिगनमध्ये राहतो. चार सिलिंडरची, पोर्ट इंजेक्शनची टर्बो सुबारू आहे. क्रँकला ४०० हॉर्सपॉवर धरून ई८५ वर न्यायची आहे. इंजेक्टर आणि पंप कसे निवडू? हिवाळ्यात काय बदलते? (मिशिगन, अमेरिका)

उत्तर : मॅपच्या गप्पा नंतर, आधी इंधन पोचते का ते कागदावर मांडा.

टर्बो इंजिन फुल लोडला पेट्रोलवर दर हॉर्सपॉवरला ताशी सुमारे २७० ग्रॅम इंधन घेते, ई८५ वर सुमारे ३८५ ग्रॅम. ४०० ला गुणले की ताशी १५४ किलो. ई८५ ची घनता ०.७८ धरली तर ताशी १९७ लिटर, म्हणजे मिनिटाला ३,२८० मिलीलीटर. चार इंजेक्टरांत वाटले तर प्रत्येकी ८२०. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही हा नियम, म्हणून ८२० भागिले ०.८, म्हणजे १,०२५. तुम्हाला १,००० ते १,०५० सीसीचे इंजेक्टर लागतील, ३ बार दाबाला मोजलेले. हेच पेट्रोलवर ७६० मध्ये भागले असते. विकत घेताना फक्त सीसी पाहू नका. व्होल्टेजनुसार डेड टाइमचा (इंजेक्टर उघडायला लागणाऱ्या वेळेचा) तक्ता आणि लहान पल्सचा डेटा सोबत येतो का ते विचारा, नाहीतर आयडल कधीच नीट बसणार नाही.

पंपाच्या खोक्यावरचा आकडा फसवा असतो. रेग्युलेटर बूस्टबरोबर दाब वाढवतो, म्हणून ३ बार मूळ दाब आणि १.४ बार बूस्ट असेल तर पंपाला ४.४ बारवर काम करायचे आहे. ‘२५५ लिटर’ चा पंप तिथे त्याहून बराच कमी देतो. तुमची गरज १९७, वर चौथा हिस्सा राखीव, म्हणजे ४.४ बारला ताशी २४५ लिटर. ३४० किंवा ४५० वर्गातला, आणि ई८५ साठी म्हणून विकलेलाच पंप घ्या. वालब्रोच्या ४५० ला ती मान्यता आहे, त्यांच्या जुन्या २५५ ला नाही. पंपाच्या आलेखात तुमच्या दाबाची रेघ आणि १३.५ व्होल्टची रेघ जिथे मिळतात तो आकडा खरा. गाडीची मूळ वायर या पंपाला बारीक पडते : बॅटरीकडून फ्यूज आणि रिले देऊन ४ चौरस मिलीमीटरची वायर ओढा, अर्थही तितकीच जाड, आणि पूर्ण लोडला पंपाच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १४ आणि पंपावर १२ दिसले तर इंजेक्टर बदलून काही होणार नाही. उलट बाजूने, मोठ्या पंपाचे उरलेले इंधन मूळ रेग्युलेटर आणि रिटर्न लाइनमधून परत जाऊ शकले नाही तर आयडलला दाब चढतो. व्हॅक्यूम नळी काढून आयडलला दाब ३ बार येतो का पाहा. ३.६ आला तर रेग्युलेटर बदला.

मिशिगनमध्ये फ्लेक्स सेन्सरशिवाय (इंधनातले इथेनॉलचे टक्के मोजणाऱ्या सेन्सरशिवाय) जाऊ नका. तिथल्या एएसटीएम डी५७९८ मानकानुसार ‘ई८५’ नावाखाली ५१ ते ८३ टक्के इथेनॉल चालते, आणि थंडीत इंजिन सुरू व्हावे म्हणून पंपावर मुद्दाम पेट्रोल जास्त घातले जाते. उन्हाळ्यात ८० ला बांधलेला मॅप जानेवारीत ६० च्या इंधनावर रिच (इंधन जास्त) चालेल आणि टायमिंग मात्र ८० चे राहील. कॉन्टिनेंटलचा तीन तारांचा सेन्सर सर्रास वापरतात : १२ व्होल्ट, अर्थ, सिग्नल. सिग्नलला पुल-अप रेझिस्टर लागतो, तो तुमच्या ईसीयूत आहे का पाहा. ० टक्क्याला ५० हर्ट्झ, १०० टक्क्याला १५० हर्ट्झ, मधले सरळ प्रमाणात. १२८ हर्ट्झ म्हणजे ७८ टक्के. पल्सच्या रुंदीतून इंधनाचे तापमान येते. सेन्सर रिटर्न लाइनमध्ये बसवा, म्हणजे मुख्य प्रवाहाला अडथळा नाही.

मॅपमध्ये इंधन, टायमिंग आणि बूस्ट तिन्ही इथेनॉलच्या टक्क्यांप्रमाणे सरकले पाहिजेत. सेन्सर तुटला किंवा हर्ट्झ मर्यादेबाहेर गेले तर काय करायचे हे ट्यूनरकडून लिहून घ्या. इंधनाला शेवटचा चांगला आकडा धरायचा, टायमिंग आणि बूस्ट पेट्रोलच्या पातळीला आणायचे. दोन्हीला एकच उपाय लावणारे मॅप आम्हाला पटत नाहीत. सगळेच पेट्रोलवर टाकले तर टाकीतल्या ई८५ वर इंजिन भयंकर लीन होईल. भरल्यानंतर लाइनमधले जुने इंधन संपेपर्यंत काही मिनिटे पाय हलका ठेवा.

प्रश्न : ई८५ वर माझा वाइडबँड मीटर (हवा-इंधनाचे प्रमाण दाखवणारा) क्रूझला १४.७ दाखवतो. ई८५ ला तर ९.८ हवे ना? (ठाणे)

उत्तर : मीटर बरोबर आहे. सेन्सर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन पाहून लॅम्बडा मोजतो. इंधन कोणते हे त्याला कळत नाही. त्या लॅम्बडाला मीटर १४.७ ने गुणून दाखवतो. १४.७ म्हणजे लॅम्बडा १, ई८५ वर प्रत्यक्षात ९.८. मीटरवर ९.८ दिसेपर्यंत इंधन ओतले तर लॅम्बडा ०.६७ होईल, प्लग ओले होतील आणि तेलात इंधन उतरेल. मीटर कायमचा लॅम्बडावर टाका. टर्बोवर फुल लोडला पेट्रोलला ०.७८ ते ०.८०, ई८५ ला ०.८२ ते ०.८५ हा सुरुवातीचा पल्ला.

प्रश्न : ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, ट्रॅकसाठी. ई४० च्या आसपास मिश्रण आहे. नॉक अजिबात दिसत नाही, मग टायमिंग अजून किती पुढे न्यायचे? (मडगाव)

उत्तर : पत्रांतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

इथेनॉल इतके उपयोगी का, ते आधी पाहू. शुद्ध इथेनॉलचा रिसर्च ऑक्टेन १०८ च्या आसपास, पण त्याहून मोठा गुण बाष्पीभवनाचा आहे. एक किलो पेट्रोल वाफ होताना सुमारे ३५० किलोज्यूल उष्णता ओढते, इथेनॉल सुमारे ९००. शिवाय त्याच हवेला ते जास्त लागते. दोन्ही मिळून ई८५ हवेतून पेट्रोलच्या तिपटीहून अधिक उष्णता काढते. कोनिगसेगच्या येस्कोला कंपनी पेट्रोलवर १,२८० आणि ई८५ वर १,६०० हॉर्सपॉवर सांगते, तो फरक इथून येतो. इंजिन तेच, फक्त बूस्ट आणि टायमिंगला जागा मिळते.

पेट्रोलवर टायमिंग वाढवताना नॉक तुम्हाला थांबवतो. जास्त इथेनॉलवर तो थांबवत नाही. ज्या अंशाला सर्वाधिक टॉर्क मिळतो तो बिंदू, ट्यूनर ज्याला एमबीटी म्हणतात, नॉक न होता ओलांडला जातो. त्यापुढे टॉर्क वाढत नाही, सिलिंडरमधला दाब मात्र वाढतच जातो, आणि पिस्टन वर येत असतानाच तो त्याला खाली ढकलू लागतो. कनेक्टिंग रॉड वाकतात ते इथे, कुठलाही आवाज न होता. म्हणून ‘नॉक नाही’ हे टायमिंग वाढवण्याचे कारण होऊ शकत नाही. डायनोवर लोड धरून एकेक अंश वाढवा. एका अंशाने टॉर्क दोन-तीन न्यूटनमीटरपेक्षा कमी वाढू लागला की थांबा आणि तिथून एक-दोन अंश मागे या. रस्त्यावरच्या लॉगवर हे ठरवता येत नाही. पेट्रोलवरून ई८५ ला जाताना पीक टॉर्कच्या भागात ३ ते ६ अंश मिळणे नेहमीचे, ई४० वर त्याहून कमी. बूस्ट लवकर चढतो त्या २,५०० ते ३,५०० आरपीएमच्या पट्ट्यात टॉर्क मुद्दाम कमी ठेवा, रॉडवर सर्वाधिक ताण तिथेच असतो. तुमचा डीक्यू२५० गिअरबॉक्स तेलातल्या क्लचचा असला तरी मूळ ३५० न्यूटनमीटरचाच आहे.

दुसरी मर्यादा रेल प्रेशरची. मॅप २०० बार मागतोय आणि ५,५०० आरपीएमच्या पुढे प्रत्यक्ष १७० मिळतोय, असे लॉगमध्ये दिसले तर तुमच्या पंपासाठी ई४० जास्त झाले. दहा टक्क्यांपेक्षा जास्त घसरण दिसताच पाय उचला, पुढच्या वेळी ई३० भरा. आधी टाकीतला लो प्रेशर पंप तपासा, पुष्कळदा हाय प्रेशर पंप त्याच्यामुळे उपाशी राहतो.

प्लगही इथेच. इथेनॉल नॉकला दाद देत नाही, पण तापलेल्या टोकावरून वेळेआधी पेट घेण्याकडे त्याचा कल असतो. एक पायरी थंड प्लग घाला (एनजीकेत आकडा वाढतो तसा प्लग थंड : ७ चा ८), गॅप ०.६ ते ०.७ मिलीमीटर. आणि इथेनॉलवर प्लगचा रंग पाहून मिश्रण ओळखायचा प्रयत्न सोडा, पोर्सेलिन पांढरेच राहते.

प्रश्न : ई८५ केल्यावर दोन महिन्यांत टाकीतला पंप गेला. मेकॅनिकने इंजेक्टरमधून काळा चिकट पदार्थ काढला. सगळे पार्ट ‘ई८५ चालते’ म्हणून घेतले होते. (नागपूर)

उत्तर : पार्ट चालत असतील, मधले जोड चालले नसतील. पंप काढला असेल तर त्याच्या हॅंगरवरचा कनेक्टर पाहा. टाकीत बुडालेल्या उघड्या टर्मिनलवर हिरवट-काळी बुरशीसारखी साय आणि एका पिनेची जाडी निम्मी झालेली, असे दृश्य असेल तर कारण सापडले. पेट्रोल वीज वाहून नेत नाही, इथेनॉल थोडी नेते, त्यात पाणी असले की अधिक. दोन पिनांमध्ये सतत बारीक प्रवाह वाहतो आणि धन बाजूची पिन झिजते. झिजली की रोध वाढतो, व्होल्टेज पडते, पंप गरम होतो. टाकीतले सगळे जोड बंद प्रकारचे हवेत, आणि वायरचे आवरण टेफ्लॉनसारख्या पदार्थाचे. टाकीत उष्णतेने आकसणारी साधी नळी आणि इन्सुलेशन टेप चालत नाही, गोंद विरघळतो.

काळा चिकट पदार्थ बहुतेक वेळा होजच्या आतल्या रबरातून येतो. साधे नायट्राइल आणि नैसर्गिक रबर इथेनॉलमध्ये फुगते, मग सुटते. आतून पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) अस्तर असलेली स्टेनलेस जाळीची होज घ्या, ओ-रिंग व्हायटन रबराच्या, रेल आणि फिटिंग ॲनोडाइज्ड. कच्चे ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा टाळा. कागदी फिल्टर काढून पंपानंतर १० मायक्रॉनचा स्टेनलेस जाळीचा फिल्टर, आणि पंप टाकीबाहेर असेल तर त्याच्या आधी १०० मायक्रॉनचा. जुन्या टाकीत वर्षानुवर्षांचा राळेसारखा थर असतो, इथेनॉल तो धुऊन काढते. म्हणून पहिल्या दोन टाक्यांनंतर फिल्टर उघडून साफ करायचाच. इंजेक्टर स्वच्छ करून चारही प्रवाहाला मोजून घ्या. त्यांच्यातला फरक ३ टक्क्यांच्या आत हवा.

प्रश्न : ई८५ वर थंडीत सकाळी गाडी सुरू होत नाही. तेलही लवकर पातळ होते का? (पाचगणी)

उत्तर : शुद्ध इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट १३ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. पाचगणीची सकाळ त्याखाली गेली की पेटण्याइतकी वाफच तयार होत नाही. ब्राझीलच्या फ्लेक्स गाड्यांत यासाठी बॉनेटखाली पेट्रोलची छोटी वेगळी टाकी दिलेली असायची. तुमच्याकडे सोपा उपाय : थंडीत ई८५ ऐवजी ई६० च्या आसपास ठेवा. मॅपमध्ये क्रँकिंगचे इंधन तापमानाप्रमाणे वाढवून घ्या, आणि स्टार्टर मारण्याआधी चावी दोनदा ऑन करून लाइनमध्ये दाब भरू द्या. पाच सेकंदांत लागली नाही तर थांबा. एक्सलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा, बहुतेक ईसीयू तेव्हा इंजेक्टर बंद करून सिलिंडर कोरडे करतात. तरीही नाही तर प्लग काढून वाळवा.

तेलाचे म्हणणे खरे आहे. थंड इंजिनात न पेटलेले इथेनॉल रिंगांवरून खाली उतरते, सोबत पाणी. इथेनॉल ७८ अंशाला उकळते, म्हणून प्रत्येक वेळी तेल ९० अंशांवर निदान वीस मिनिटे राहील एवढी गाडी चालवा. पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्यांनी ते साठतच जाते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली किंवा झाकणाखाली पांढरट लोण्यासारखा थर आला तर तेल लगेच बदला, किलोमीटर मोजत बसू नका. एरवी ५,००० किलोमीटर ही वरची मर्यादा.

प्रश्न : ट्रॅकची गाडी पावसाळाभर उभी असते. टाकीत ई८५ ठेवू का? (पनवेल)

उत्तर : नको. उभी करण्याआधी टाकी जवळजवळ रिकामी करा, मग पंपावरचे पेट्रोल भरून वीस-तीस किलोमीटर चालवा, म्हणजे रेल आणि इंजेक्टरमधले ई८५ निघून जाईल. मग टाकी काठोकाठ भरा. रिकामी जागा राहिली की दमट हवा आत शिरते आणि इथेनॉल त्यातले पाणी शोषते. झाकणाचे सील नवे घाला. पावसाळ्यानंतर गाडी सुरू करण्याआधी पंपाच्या लाइनमधून पाव लिटर इंधन काचेच्या बाटलीत काढा आणि तासभर तसेच ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण उपसून ताजे इंधन भरा. काढलेले इंधन हाताळताना एबीसी पावडरचा अग्निशामक हाताशी असू द्या. जास्त इथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, उष्णता जाणवेपर्यंत आग लागल्याचे कळत नाही.